रेघेबाहेरची लाली

नाशिक रोड, ६ नोव्हेंबर

वच्छे,

पाकीट फोडलंस, म्हणजे वरचं अक्षर ओळखलं नाहीस. आता ओळखलं असशील. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड. कागद ललितच्या ऑफिसातला आहे, चांगला जाड, चुलीत घालायलाही कामाला येईल.

फोन तू उचलत नाहीस. मागच्या आठवड्यात सूनबाईच्या, योगिनीच्या फोनवरून लावला, तर माझा नुसता आवाज ऐकून ठेवून दिलास. आई जाऊन अकरा वर्षं झाली, आपण दोघी म्हाताऱ्या झालो, तुझा राग मात्र अजून नव्या नवरीसारखा ताठ. पत्राचं एक बरं असतं. ते मध्येच ठेवलं तरी पुढचं लिहिलेलं तसंच राहतं.

तर बातमी अशी की माझं पोट कापलं. बेंबीखालचा तो फुगवटा तुला आठवत असेल, ललितच्या वेळच्या टाक्यांतून वर आलेला. अंगणवाडीतली पोरं त्याला 'बाईंचं बाळ' म्हणायची. हर्नियाच तो. आतडं अडकायच्या आत करून घ्या म्हणून तृप्ती मॅडम मागे लागल्या होत्या. त्या इथल्या सर्जन, वयाने माझ्या लेकीसारख्या, पण हात असा स्थिर की सुईत दोरा पहिल्या फटक्यात जाईल. आत जाळी बसवली, वरून शिवलं. मी खाटेवर बसून हे लिहिते आहे आणि बाजूच्या बाईचा चहा मला जास्त आवडतो म्हणून तिच्याशी भांडतेही आहे. यावरून समज काय ते.

लिहायचं कारण वेगळंच. तुझी सून मनाली योगिनीला सांगत होती, की तुझी पिशवी काढायला सांगितली आहे. सारखं अंगावरून जातं, तपासणीत काही बरं दिसत नाही, थांबू नका असं मालेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. आणि तू काय म्हणालीस? "मनी मायनं जे व्हयनं, ते माले नको." म्हणजे आईचं जे झालं ते तुला नको.

वच्छे, आईचं आईबरोबर गेलं. ते दिवस वेगळे होते, ती वेळ वेगळी होती. आता माझ्याकडे बघ. भूल दिली, वीसपर्यंत उजळणी म्हणा म्हणाले, मी सातवर झोपले आणि उठले तर सगळं आटोपलेलं. एवढ्याला घाबरून तू आतलं दुखणं वाढवत बसलीस तर तुझ्यासारखी वेडी तूच. सटाण्यात तुझ्या मागे घर आहे, नातू आहे. जाऊन करून घे.

दवाखान्यात नेण्याच्या गोष्टी सांगते. दोन जुनी लुगडी ने, नवं नेऊ नको. उशी घरची ने. आणि मिश्री विसरू नको, आत कोण देतं? पोटाला जोर द्यायचा नाही असं ते बजावतात, आणि मिश्री लावल्याशिवाय आपल्या दोघींचं पोट कधी साफ झालंय? मी तर आता सकाळ-संध्याकाळ सोडून दुपारीही लावते. योगिनी पुडी आणून देते, पदराआड उरकते. डबी आईचीच आहे. हो, तीच पितळेची, तू मागितली होतीस आणि मी दिली नव्हती ती.

गंमत सांगते. ऑपरेशनच्या आधी एक मुलगा येऊन विचारत होता, तंबाखू, बिडी, गुटखा, काही? ललित म्हणाला, आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा सापडायचं नाही. मला हसू आलं. आयुष्यभर अंगणवाडीच्या भिंतीला तंबाखूची पोस्टरं मी चिकटवली, गावातल्या बाप्यांना शिव्या मी दिल्या, आणि मला विचारतोय. मिश्री लावताना मला नेहमी आईची चूल आठवते. ती तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत जाळायची, घरभर ठसका उठायचा, आणि आपण दोघी पदर नाकाला लावून तिच्या मागे उभ्या. जळून गेल्यावर तिच्यात तंबाखू कुठली राहते? नुसती राख.

बरं, खूप झालं. ऑपरेशनची तारीख घे आणि मला कळव. मला नाही कळवलंस तर मनालीला सांग, तिच्याकडून योगिनीला कळेल, योगिनीकडून मला. भांडणाचा रस्ता तेवढा लांबचा.

तुझी अक्का


नाशिक रोड, १२ नोव्हेंबर

वच्छे,

तू पत्र फाडलं नाहीस. मनाली म्हणाली, तू ते दोनदा वाचलंस आणि चहावरच्या भांडणाला हसलीस. आणि चंपाषष्ठी झाली की तारीख घ्यायची असंही कबूल केलंस. हे ऐकून माझ्या पोटातले टाके अर्धे दुखायचे थांबले.

मी घरी आले आहे. सूज थोडी आहे. सूज असायचीच, असं तृप्ती मॅडमनी घरी सोडताना नीट समजावून सांगितलं. तुझ्याही कामाला येईल म्हणून लिहिते. सुरी लागली की तिथल्या पेशी मरतात. पेशी म्हणजे ज्यांचं आपलं अंग बनलेलं असतं ते बारीक बारीक कण. मग शरीर तिकडे सफाईला आपली माणसं धाडतं. ती रक्तातून येतात, म्हणून ती जागा लाल होते, गरम होते, फुगते. मेलेलं उचलून नेलं की नवं भरायला लागतं आणि सूज आपोआप उतरते. "काकू, सूज आली म्हणून घाबरायचं नाही. ती वेळेवर गेली नाही, तर घाबरायचं," असं म्हणाल्या.

मी म्हटलं, मॅडम, आम्ही कांद्याच्या गावच्या. आम्हाला हे वेगळं सांगायला नको. कांद्याची वरची साल वाळते, सुटते, गळून जाते, आतला कांदा ठणठणीत. ते मरणं चांगलं. पण साठवणीच्या चाळीत एखादा कांदा आतून पाणी सोडायला लागला, की त्याचं पाणी शेजारच्याला लागतं, तो बसतो, मग त्याच्या शेजारचा. वरून काही दिसत नाही. चाळीत शिरलं की आधी वास येतो. मॅडम हसल्या. म्हणाल्या, मी हे आता सगळ्या पेशंटना सांगणार.

काल ड्रेसिंगला गेले तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. टाक्यांभोवतीची लाली बघितली, खिशातून निळं पेन काढलं आणि लाली जिथे संपत होती तिथून माझ्या पोटावर सबंध रेघ मारली. म्हणाल्या, लाली या रेघेच्या आत राहिली पाहिजे. बाहेर आली तर लगेच या.

सकाळी योगिनीने बघितलं. लाली रेघेला टेकली होती. एका बाजूला थोडी बाहेरही होती. योगिनी म्हणाली, आंघोळीत रेघच पुसट झाली असेल, आई. मी आंघोळ केलेली नव्हती, हे तिलाही माहीत होतं.

हे तुला सांगायचं नव्हतं, लिहून गेले. खोडलं असतं, पण तू कागद उजेडाकडे धरून वाचणारी. लहानपणी माझी सगळी पत्रं तशीच वाचायचीस. तेव्हा वाचलंच आहेस तर यावरून काही अर्थ काढू नको. माझं वजन जास्त, वय तुझ्याहून जास्त, आणि पोटाला जोर पडला असेल. पोट साफ होत नाही म्हणून मिश्री वाढवली आहे, एक-दोन दिवसांत ठीक होईल.

अंगात कणकण आहे. ललितने खोलीतलं सगळं फिनेलने पुसून घेतलं, तरी कसलासा वास येतो. तो म्हणतो, आई, तो फिनेलचाच आहे. असेल.

टाक्यांची एक कड जांभळी दिसते. आईचं पण... जाऊ दे. तू तुझी तारीख घे. तुझं आणि माझं काही एक नाही.

अक्का


१६ नोव्हेंबर. हे पाठवायचं नाही.

वच्छे,

हे पत्र तुला पाठवणार नाही. तरी वर तुझंच नाव लिहिलं, दुसऱ्या कोणाला लिहू?

मी परत दवाखान्यात आहे. ताप उतरेना, लाली रेघ ओलांडून मांडीकडे निघाली, तेव्हा ललितने शेजाऱ्यांची गाडी काढली. टाक्यांची जांभळी कड आता काळी झाली आहे. तिथे मॅडमनी हात लावला तर मला कळत नाही. बाकीची मी जिवंत आहे आणि तळहाताएवढी मेलेली आहे, असं माझं आता चाललं आहे. चाळीतला तो वास आता कोणी फिनेलचा म्हणत नाही.

काल मॅडम रोजच्यापेक्षा लवकर आल्या. मी पाठमोरी बसून मिश्री लावत होते. "काकू, जीभ दाखवा बरं," म्हणाल्या. मी वळले. बोट काळं, हिरड्या काळ्या.

"हे काय?"

"दात घासतेय."

"कशानं?"

"मिश्रीनं. दुसरं कशानं घासणार?"

मॅडम माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या. डॉक्टर कधी खाटेवर बसत नाहीत, वच्छे. "काकू, तुम्हाला तंबाखूचं विचारलं होतं," म्हणाल्या.

"मग मी काय खोटं बोलले? तंबाखू कुठे खाते मी?"

"मिश्री कशाची करतात?"

मी सांगायला तोंड उघडलं. आईचा तवा डोळ्यांपुढे आला. ती पानं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, जाळली तरी तिच्यातलं विष जळत नाही. ते हिरडीतून सरळ रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं. टाक्यांच्या कडेला रक्त नेणाऱ्या वाहिन्या तर केसाहून बारीक. रक्त पोचलं नाही की तिथलं मरायला लागतं, आणि सफाईला येणारी माणसंही पोचत नाहीत, कारण त्यांचा रस्ता तोच. मग मेलेलं जागच्या जागी फुटतं, आतलं शेजारी सांडतं, त्याने सूज आणखी भडकते आणि शेजारचं चांगलंही मरतं. वर जंतू शिरायला दार उघडंच. "तुम्हीच सांगितलं होतं ना कांद्याचं," म्हणाल्या. मला वाटलं ही बाई आता रडणार.

योगिनी दारात उभी होती. तिच्या हातात नवी पुडी होती, मीच सकाळी मागवलेली. मी तिला जवळ बोलावलं आणि पुडी कचऱ्यात टाकायला लावली. पोरीने सासूचं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा.

आता खरं सांगते, हे पत्र जाणार नाही म्हणून सांगते. हे सगळं ऐकताना माझ्या मनात पहिल्यांदा माझं पोट आलं नाही. मनात आलं, वच्छे, तू सापडलीस.

आईला पोटात दुखायला लागलं तेव्हा ती माझ्याकडे होती. इथल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आतडं अडकलेलं होतं, काळं पडायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, आत्ता कापलं नाही तर ही संध्याकाळ बघत नाही. साखर तपासली, वाढलेली नव्हती. विचार करायला, तुला बोलवायला, कशाला म्हणून वेळ नव्हता. मी सही केली. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी आई बोलायला लागली.

मग तू आलीस. आई म्हणाली, "तोंड कडू व्हई राह्यनं. जरासी मिश्री लाव वं, वच्छी." तू तिची डबी उघडलीस आणि बोटावर घेऊन तिच्या हिरड्यांना लावलीस, बाळाला चाटण देतात तशी. रोज लावलीस, आई मागेल तेव्हा. आई तुझ्याकडे बघून हसायची. मी तिचं मलमूत्र काढत होते, रात्रंदिवस तिथे होते, आणि ती माझ्याकडे बघून एकदाही हसली नाही. मला तुझा हेवा वाटला. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

मग तिच्या टाक्यांची कड जांभळी झाली, मग काळी. मग तोच वास. मग ती गेली.

दहाव्याला सगळ्या भावकीसमोर तू माझ्याकडे बोट करून म्हणालीस, "तूच मायले कापाले दिनी." सही माझीच होती. त्या दिवसापासून माहेरच्या कुठल्याही कार्याला गेले की बाया माझ्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवून दुसरीकडे बघतात. मी डबी दिली नाही ती त्याच रागाने. म्हटलं, आई तुझी, दुःख तुझं, निदान डबी तरी माझी.

आणि ज्या बोटाने तू मला दाखवलंस, ते तेच बोट होतं.

मी मॅडमना विचारलं. माझ्या आईचं असंच झालं होतं, ते मिश्रीनंच का? त्या म्हणाल्या, "न बघता कसं सांगू, काकू? वय होतं, आतडं अडकलेलं होतं, दहा कारणं असतात." मी विचारलं, "पण त्यांतलं एक मिश्री?" म्हणाल्या, "एक."

एवढं मला पुरे होतं. काल दिवसभर मी मनातल्या मनात तुला पत्र लिहिलं. असं लिहिलं की तू भावकीत तोंड वर काढणार नाहीस. तापाने अंग पेटलेलं आणि मनात मात्र गारवा. असली मी आहे, आई म्हणायचीच.

संध्याकाळी योगिनीने मनालीला फोन करून सगळं सांगितलं आणि तुझी मिश्री बंद करायला सांगितलं. मनालीने डबा उचलून ठेवला, तर तू तिच्यावर धावून गेलीस. "तिनीच लिखं, मिश्री लई जाय. आते तीच सांगस, सोडी दे." खोटं नाही बोललीस. मीच लिहिलं होतं, मिश्री घेऊन जा, आणि आता मीच सांगते, सोड. तुझ्या ठिकाणी मी असते तरी ऐकलं नसतं. मग तू म्हणालीस म्हणे, मायला मीच मारली असं ती लिहून कबूल करू दे, मग तिचं ऐकेन. "मंग तिनं ऐकसू."

म्हणजे तुझी किंमत ती आहे.

खरं लिहिलं तर काय होईल ते मला माहीत आहे. तुला मी चालायला शिकवलं आहे. तू रडणार नाहीस, ओरडणार नाहीस. तू चुलीपुढे बसून ते बोट बघत राहशील, आणि ऑपरेशनला जाणार नाहीस. कोणी दहा वेळा सांगितलं तरी जाणार नाहीस, कारण तुला वाटेल की हीच आपली शिक्षा. आणि आत जे वाढतंय ते तुझ्या शोकासाठी थांबणार नाही. आणि गेलीसच, तर मिश्री लावून जाशील आणि माझ्यासारखी काळी पडशील.

अकरा वर्षं मला वाटत होतं, एक दिवस खरं माझ्या बाजूने उभं राहील. आज ते आलं आणि मला ते दाराबाहेरच उभं करायचं आहे. मला फार राग येतो, वच्छे. तुझा येतो, आईचा येतो, त्या तव्याचा येतो.

मिश्री सोडून एक दिवस झाला. डोकं फुटतंय, अक्षर बघ कसं वाकडं येतंय. तोंडात लवंग धरून बसले आहे. हा कागद योगिनीला जाळायला देणार आहे. तिला सांगितलंय, न वाचता.


नाशिक रोड, १८ नोव्हेंबर

वच्छे,

तुझा निरोप पोचला. तुझी अट मान्य आहे. लिहून देते.

आईला मी मारली. तू दहाव्याला बोललीस ते खरं होतं. त्या दिवशी तपासलं तेव्हा तिची साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दोन दिवस थांबू, साखर उतरू द्या, मग कापू, नाहीतर जखम भरायची नाही. मी म्हटलं, आजच करा. ललितची परीक्षा होती, मला घर गाठायची घाई होती. सही मी केली आणि तुला विचारलंही नाही. साखर असली की जखम काळी पडते. आईची म्हणून पडली. हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही, कारण मला लाज वाटत होती.

तुझ्या मनात आणखी काही येईल म्हणून आधीच लिहिते. आई मिश्री लावायची त्याचं काय, असं मी इथल्या मॅडमना मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, एवढी साखर असल्यावर बाकी कशाने काही फरक पडत नाही. तू तिला तोंडाची चव आणून दिलीस, तेवढंच तिच्या शेवटच्या दिवसांत चांगलं घडलं. ती हसायची तुझ्याकडे बघून, मी बघितलं आहे. यात मी एक अक्षर खोटं लिहीत नाही.

माझं वेगळं आहे. मला साखर नाही. माझी जखम मिश्रीने काळी पडली, आणि हे मॅडमनी माझ्या तोंडावर सांगितलं आहे. आईचं कारण एक, माझं दुसरं. दोन्हींची गल्लत करू नको. माझ्या पहिल्या पत्रात मिश्री घेऊन जा असं लिहिलं आहे, ते वाक्य खोड. चांगलं गिरबटून खोड, उजेडाकडे धरलं तरी वाचता येऊ नये.

आता काय करायचं ते ऐक. डॉक्टर तंबाखूचं विचारतील तेव्हा नाही म्हणू नको. ते विचारायची वाटही बघू नको. आपण होऊन सांग, मी इतकी वर्षं मिश्री लावते आणि अमुक दिवसापासून सोडली. मिश्री हेच नाव घे. ते म्हणाले ऑपरेशन थोडं पुढे ढकलू, तर ढकलू दे. ते म्हणाले नाही, लगेच करू, तर लगेच कर. पण त्यांना माहीत असू दे. सोडल्यावर डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. मनालीवर ओरडशील, ओरड, ती सहन करेल. पोटासाठी ते औषध देतात, मागून घे. तोंडात लवंग धर. आणि ऑपरेशन झाल्यावर कोणी प्रेमाने बोटावर घेऊन आलं तरी तोंड मिटून घे. कोणीही असो.

तुला घाबरवायला लिहीत नाही. नाही, घाबरवायलाच लिहिते. आज मला पुन्हा आत नेणार आहेत. मेलेलं सगळं कापून काढायचं. कुठपर्यंत मेलं आहे ते कापल्यावर कळेल, असं मॅडम म्हणाल्या. जाळीपर्यंत गेलं असेल तर जाळी काढायची. त्याच्याही पुढे गेलं असेल तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सकाळी त्यांनी पोटावर नवी रेघ मारली, जुन्या रेघेच्या बरीच बाहेर. मी म्हटलं, मॅडम, आता पेन पाठीपर्यंत न्यावं लागेल. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा हात धरला आणि सोडेपर्यंत बराच वेळ गेला. मला भीती वाटते, वच्छे. तुझ्यापासून काय लपवू, लहानपणी अंधारात तूच माझ्या पुढे चालायचीस.

या पत्राबरोबर डबी पाठवते आहे, आईची. तुझीच होती ती, मी अडवून धरली. योगिनीने चिंचेने घासून लख्ख केली आहे, आत मिश्रीचा कणसुद्धा नाही, वास घेऊन बघ. आत लवंगा भरल्या आहेत. संपल्या की नव्या भर.

भावकीत कोणाला दाखवायचं असेल तर हे पत्र दाखव, माझी हरकत नाही. गोरक्षमामाला दाखव, त्याला तुझं नेहमी पटायचं. मी मात्र पुन्हा कधी या विषयावर बोलणार नाही, बरी होऊन आले तरी. तूही काढू नको.

सिस्टर आल्या आहेत. बांगड्या काढून योगिनीकडे दिल्या. ललित दाराशी उभा आहे आणि मी त्याच्याकडे बघत नाही, कारण बघितलं तर तो रडेल.

कबूल केलं, वच्छे. आता ऐक.

अक्का